रंगामामाची नवी नळी

"श्वास धरलास का सोडलास?"

"सोडला."

"सगळा?"

"अर्धा सोडला, अर्धा ठेवला. मामा, रोजच्यासारखाच सोडला!"

रंगामामानं दुर्बिणीवरचा डोळा काही काढला नाही. मी चटईवर पालथी पडलेली, पट्टा दंडात रुतलेला, रायफल खांद्याला, आणि पन्नास मीटरवरच्या कागदावर माझ्या गोळ्या कशाही विखुरलेल्या. पहिल्या तीन-चार अगदी काळ्याच्या मधोमध. मग एक उजवीकडं. मग एक तिच्याही वर. मग श्वास, बोट, पट्टा, सगळं तपासून जीव ओतून मारलेली गोळी थेट बाहेर, सातच्या कड्यात. उधळलेल्या खोंडासारखा प्रकार चालला होता.

"हेमे, तुझं लक्ष गडहिंग्लजला हाय," मामा म्हणाला.

"माझं लक्ष इथंच हाय. तुमची नळीच गडहिंग्लजला निघालीया."

"नाचता येईना अंगण वाकडं! रंगराव खराड्यानं बसवलेली नळी आणि अंबाबाईचं देऊळ, दोन्ही हलत न्हाईत. तू हलतीस."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची ही सकाळ. त्या रेंजच्या जागी आता इमारती झाल्यात, खाली मोबाइलची दुकानं आहेत. मी स्वतः आता मुलींना नेमबाजी शिकवते, आणि त्यांतल्या कुणाची गोळी अशी भरकटली की मला हटकून ती सकाळ आठवते.

गडहिंग्लजला काय होतं ते आधी सांगायला पाहिजे. तिथं एक स्थळ होतं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, दोन मजली घर, मुलगा दिसायला बरा, आणि आईला तर फारच बरा. आईनं मला स्वच्छ सांगितलं होतं, "दसरा झाल्यावर पुण्याला ती तुमची राज्याच्या संघाची निवडचाचणी हाय न्हवं, ती देऊन ये. संघात आलीस तर तुझ्या मनासारखं. न्हाई आलीस तर बंदूक मामाच्या दुकानात आणि तू गडहिंग्लजला." संघात आलं की तिथूनच लगेच महिन्याभराचं शिबिर, आणि पुढं नशीब असेल तर रेल्वेत नोकरी. म्हणजे काही झालं तरी मी घरातून जाणारच होते. प्रश्न एवढाच, की कुठं. अप्पांनी ह्यावर फक्त मान हलवली. ते एसटीच्या वर्कशॉपात होते, पण घरात आईचं इंजिन तापलेलं असलं की बॉनेट उघडायच्या भानगडीत ते पडत नसत.

रंगामामा आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली, मग मंगळवार पेठेत बंदूकदुरुस्तीचं परवान्याचं दुकान टाकलं. क्लबच्या सगळ्या रायफली त्याच्याच हाताखालून जायच्या. स्वतःच्या कामाबद्दल मामा कधी हळू आवाजात बोलला असेल तर शपथ. कॉलेजात असताना माझ्या हातात रायफल दिली ती त्यानंच, आणि त्या दिवसापासून आईनं त्याच्या दुकानाची पायरी सोडली होती. तीन वर्षं. भाऊबीजेला तो आमच्याकडं यायचा, तेव्हा ताटात करंज्या आणि तोंडी शिव्या, दोन्ही मिळायचं. "पोरीचं वाटोळं केलंस," असं म्हणत ती त्याला ओवाळायची.

त्या साली माझ्या रायफलीची जुनी नळी झिजली. क्लबनं नवी मागवली आणि नवरात्राच्या तोंडावर मामानं ती बसवली. मी शेजारी बसून बघितलं होतं. लोखंडी बॉडीचे आटे त्यानं आधी चिंधीनं, मग ब्रशनं, मग पुन्हा चिंधीनं पुसले. आट्यांना तेलाचं बोट लावलं आणि नळी नुसत्या हातानं फिरवत नेली. "आधी हात, मग पाना. हाताला सांगतंय ते पान्याला कळत न्हाई," तो म्हणाला. नळीचा खांदा बॉडीला सपाट टेकला तसा पाना लावला, आवळला, आणि आणखी आवळायचा मोह आवरला. जास्त आवळलं तरी नळी रुसते म्हणे. मग सगळं लाकडी दस्त्यात बसवलं आणि पतंगाच्या कागदाची पट्टी नळी आणि लाकूड ह्यांच्या फटीतून टोकापासून मुळापर्यंत सुर्रकन ओढली.

"हे ध्यानात ठेव. मुळाशी घट्ट, आणि तिथनं पुढं टोकापतूर कशाला म्हणून टेकायची न्हाई. गोळी सुटताना नळी शहारती. दर वेळी सारखीच शहारली तर गोळी दर वेळी एकाच जागी जाती. मधीच कुठं टेकली, की शहारा बदलला. मग तू देवाचा धावा कर न्हाईतर नको करू."

अष्टमीला मी त्या नळीतून दहा गोळ्या मारल्या, आणि त्या सगळ्या एका चाराण्याच्या नाण्याखाली झाकल्या. मामानं तो कागद घडी करून खिशात घातला आणि दोन दिवस गल्लीभर दाखवत हिंडला.

आणि आता हे.

"गोळ्यांचं खोकं बदल," मामा म्हणाला. बदललं. तेच. "कोपर जरा आत घे." घेतलं. तेच. मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की नेम आणखीच जातो. चाचणीला तीन दिवस उरलेले.

"सर बाजूला," म्हणत मामा स्वतः पालथा पडला. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे, पण हात दगडासारखा. पहिल्या तीन मधोमध. चौथी उजवीकडं. पाचवी तिच्याही वर.

त्यानं रायफल चटईवर ठेवली. मग गुडघे झाडत उभा राहिला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "चल दुकानात."

मामाच्या दुकानाला तेलाचा, लाकडाच्या भुशाचा आणि विडीचा वास असायचा. त्यानं रायफल शेगड्याच्या, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीच्या, कातडी लावलेल्या जबड्यात धरली आणि नुसताच बघत बसला. 

"माझा हात गेला बघ, हेमे," तो म्हणाला. "आटा चुकला असंल. खांदा तिरपा बसला असंल. वय झालं की माणसाला कळत न्हाई कधी हात गेला ते."

"मामा, ती कागदाची पट्टी घालून बघूया की फटीत."

"ते मी तपासलंय."

"परत तपासा."

"रंगराव खराडे एकदाच तपासतो!" हात गेला असं म्हणणारा माणूस आणि हा माणूस एकच, हे विशेष. "फट मी पाडलीया, फट कुठं जाती? नळीच काढून बघायला पाहिजे."

नळी काढायची तर आधी लाकूड सोडवायला हवं. त्यानं खालचे दोन स्क्रू काढले आणि दस्ता अलगद खाली घेतला. आम्ही दोघांनीही एकदम बघितलं. काळ्याभोर नव्या नळीच्या पोटाला, मुळापासून वीतभर, तांबडट खपली धरली होती. लाकडाच्या खोबणीतही तीच.

"गंज," मामा म्हणाला आणि स्टुलावर बसला.

दहा-बारा दिवसांत नव्या नळीला गंज. फौजेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाच्या दुकानात. त्याच्या तोंडाकडं बघवेना. आणि मला, खोटं कशाला सांगू, मामाचं काही वाटण्याआधी गडहिंग्लजचं ते दोन मजली घर डोळ्यांपुढं आलं. त्याच्या गच्चीवर मी वाळवण घालतेय असंही दिसलं.

मामानं उठून नखानं ती खपली खरवडली. तळहातावर चोळली. पुन्हा चोळली. मग हात माझ्यापुढं धरला.

"गंज पिवळा असतोय व्हय गं?"

मी वास घेतला. हळद. हळद आणि कुंकू, पाण्यात कालवलेलं, वाळून दगड झालेलं. नळी गार असेतोवर निभत होतं, तीन-चार गोळ्यांनी तापली की ती ह्या दगडाला टेकत होती. नळीच्या अगदी मुळाशी झेंडूची एक पाकळी चपटी होऊन चिकटली होती.

"कुणी लावलं हे? मामा, खंडेनवमीला तुम्हीच..."

"मी? मी हत्याराला तेलाशिवाय काय लावतो का? नवमीला सगळी हत्यारं पाटावर मांडली, शेगड्यावर एक फूल ठेवलं, हात जोडले, झाली पूजा. मग जेवून बाहेरच्या खोलीत जरा आडवा झालो." तो थांबला. "दार उघडंच होतं. जागा झालो तर उशाला पुरणपोळीचा डबा. मला वाटलं, शेजारच्या वहिनींनी ठेवला."

"कुठाय डबा?"

त्यानं फळीकडं बोट केलं. पितळी, कडीचा, झाकणाला पोचा आलेला. आमच्या घरातला.

मामानं डबा फळीवरून खाली घेतला. ज्या बाईनं तीन वर्षांत ह्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं, 'त्या लोखंडाला मी बोट लावणार न्हाई' म्हणून अंबाबाईची आण घेतली होती, ती भाऊ घोरत असताना आत आली होती. पूजा करून गेली होती. आणि कुणाला कळू नये म्हणून सगळं पुसूनही गेली होती, वरनं वरनं.

मामा आधी चिडला. मग हसायला लागला. मग डोळे पुसायला लागला आणि "डोळ्यात भुसा गेला" म्हणाला. कापूस, तेल, लाकडाची पातळ काडी, सगळं घेऊन त्यानं ती नळी लेकराला न्हाऊ घालावं तशी साफ केली. लोखंडावर डागसुद्धा नव्हता. लाकूड पुसून, घासून, सगळं पुन्हा जोडलं आणि कागदाची पट्टी टोकापासून मुळापर्यंत ओढली. एकदा नाही, चार वेळा.

"मामा, आईला काही बोलू नका."

"बोलणार. फौजेत असती तर कोर्टात उभी केली असती तिला. घे तो डबा."

आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मामानं डबा तिच्यापुढं ठेवला.

"आक्का, पुरण गोड होतं."

"कसलं पुरण?"

"खंडेनवमीचं."

आईचे हात परातीतच थांबले. मग पुन्हा चालू झाले. "भाऊ उपाशी राहू नये म्हणून डबा ठेवला. त्याला काय फाशी देतोस?"

"डब्याचं न्हाई. नळीखाली हळदकुंकू निघालंय. पोरगी तिकडं रडायला लागलीया. हत्याराला पाणी लावतात व्हय गं?"

"पंचामृत घातलं न्हाई हे नशीब समज!" आई उसळली. "एक झेंडूचं फूल ठेवलं होतंस, ते पण शेजारच्या कुंडीतलं. तेवढ्यात देवी राजी होती व्हय? आणि मी पुसलं होतं. पदरानं चांगलं कोरडं केलं होतं."

"वरनं पुसलंस. आत फटीत गेलं ते?"

"आत फट असती हे मला काय ठाऊक? तुम्ही माणसं बंदुकीत फटी ठेवताच कशाला?"

"ठेवायलाच लागती, आक्का. नळी मुळाशी घट्ट धरायची आणि पुढं मोकळी सोडायची. मधी कुठं अडकवली की ती सरळ जात न्हाई."

आईनं मान वर केली. "मला शिकवतोस व्हय रे?"

"बंदुकीचं सांगतोय."

"कळतंय मला कशाचं सांगतोयस ते."

 तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी विचारलं, "आई, देवीकडं मागितलंस काय तू?"

पुण्यातल्या लोकांना आमचं बोलणं ऐकून हसू येतं. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. आई तशीच बोलली, तव्याकडं बघत.

"खोटं बोलत न्हाई. जाळापुढं बसलोय. मी म्हणालो, आंबाबाई, हिचा नेम चुकू दे. एवढं एकदा चुकू दे. म्हणजे पोरगी माझ्या हाकेच्या अंतरावर राहील. त्यासाठीच गेलतो मी. पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची ओढली, आणि हात फिरवत फिरवत मागं गेलो, तर त्या लाकडावर एक जागा सापडली. गुळगुळीत. बाकी लाकूड खरखरीत आणि तेवढीच जागा लोण्यागत. मला आधी कळंना कशानं. मग ध्यानात आलं, हिचा गाल टेकतोय तिथं. तीन वर्षं रोज टेकतोय." तिनं पदरानं नाक पुसलं. "मग मागणं बदललं मी. म्हणालो, नको, नको चुकू दे. लागू दे. पण देवीनं पहिलंच ऐकलं बघ. दुसरं सांगेपतूर तिनं कान फिरवला असंल."

मामा खो खो हसला. एकटाच. मला हसू येत नव्हतं. मला राग आला होता, चांगलाच आला होता.

"आई, सकाळपासनं मी रडतोय त्या गोळ्यांपायी."

"रड की. मी तीन वर्षं रडतोय."

तिनं करपलेली भाकरी बाजूला टाकली आणि नवा गोळा हातात घेतला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आता मी देवीला मधी घालत न्हाई. काही मागत न्हाई. तुझं तू बघ. रंगा, पाय धू, जेवून जा."

दुसऱ्या दिवशी रेंजवर दहाच्या दहा पुन्हा चाराण्याखाली गेल्या. मामा नुसता "हं" म्हणाला. एवढंच.

पुण्याला निघायच्या दिवशी आई लुगडं बदलून दारात उभी. "मी पण येतोय," म्हणाली. कशाला, असं विचारायची आमची कुणाची छाती झाली नाही. मी माझ्या पिशवीत फक्त शूटिंगचं जाकीट आणि अंगावर घालायचा एक जोड घेतला होता. शिबिराचे कपडे आधीच भरले तर नाट लागेल, अशी मला भीती. बसमध्ये मामा आणि आई शेजारी बसले आणि कराड येईपर्यंत लहानपणीच्या कुठल्याशा म्हशीवरून भांडले. मला फार बरं वाटलं ते ऐकून.

रेंजवर मागच्या बाकांवर सगळ्यांचे आईवडील लक्ष्याकडं तोंड करून बसलेले. आमची आई तेवढी पाठ करून बसली, कानात कापूस घालून, भिंतीकडं बघत. मामानं नंतर सांगितलं, प्रत्येक गोळीला तिचे खांदे उडत होते. दुसऱ्यांच्या गोळीलाही. माझी कुठली आणि बाकीच्यांची कुठली, हे तिला कळणार कसं?

मी गोळ्या मारत गेले. त्या दिवशीचं मला फारसं आठवत नाही. नळी तापली, पट्टा रुतला, घाम डोळ्यात गेला, आणि गोळी जिथं जायला हवी तिथं जात राहिली. संपल्यावर मी जाकीट काढलं, फळ्यावर लागलेली नावं वाचली, पुन्हा वाचली आणि बाकाकडं आले. आई अजून भिंतीकडंच बघत होती. मी तिच्या पुढ्यात जाऊन बसले. तिनं एका कानातला कापूस काढला.

"संपलं?"

"संपलं."

"मग?"

"आलो संघात. शेवटून दुसरा नंबर, पण आलो."

मामानं कुठंतरी मागं आरोळी ठोकली. आई हसली नाही, रडली नाही. तिनं दुसऱ्या कानातला कापूस काढला, दोन्ही बोळे नीट एकत्र करून पदराच्या टोकाला बांधले.

"म्हणजे आता माझ्याबरोबर माघारी यायची न्हाईस."

"न्हाई. शिबिर उद्यापासनं. पण माझ्याकडं कपडे न्हाईत, आई. उद्या कुणाच्या तरी हातून पाठवून दे."

आईनं बाकाखालून एक पिशवी ओढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी उघडली. माझे पाच ड्रेस, इस्त्री केलेले. टॉवेल. स्वेटर. केसांचं तेल. चपलांचा जोड वर्तमानपत्रात गुंडाळलेला. एका डब्यात चिवडा, एकात लाडू, महिनाभर पुरतील एवढे. घरातून निघतानाच भरलेली पिशवी.

"तू काही मागणार नव्हतीस न्हवं?" मी म्हणाले. 

"मागितलं कुठं? कपडे भरले नुसते." ती उठली. "लाडू एकटी खाऊ नको, खोलीतल्या पोरींना दे. आणि गडहिंग्लजवाल्यांना काय सांगायचं ते मी बघतो. तू वेळेवर जेवत जा."

एवढं बोलून मग ती रडली. भर रेंजवर, सगळ्या लोकांसमोर, मोठ्यानं. मामानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकून टाकला आणि स्वारगेटच्या रिक्षासाठी त्यालाच पुढं पिटाळलं.